वरचा, खालचा आणि ‘समजा’

‘समजा’ हा शब्द कानावर पडला की वरचा घाबरायचा. वयाच्या बावन्नाव्या वर्षी माणसाने कशाला घाबरावं याला काही धरबंध? दहाव्या मजल्यावर लिफ्टच्या उघड्या बोगद्यात कंबरेला पट्टा बांधून लोंबकळताना त्याला कधी भीती वाटली नव्हती. पण टेबलापलीकडचं कुणी पेन टेकवून ‘समजा’ म्हणालं, की त्याच्या तळहातांना घाम सुटायचा.

वरचा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. लिफ्टच्या दुरुस्तीचं काम जोडीने चालतं. एक जण गच्चीवरच्या मशीनरूममध्ये, दुसरा तळाच्या खड्ड्यात. बावीस वर्षं हा वर आणि त्याचा जोडीदार खाली, म्हणून कंपनीत हा वरचा आणि तो खालचा. साहेब लोकही तसंच म्हणायचे. अकरा महिन्यांपूर्वी कंपनीने दुरुस्तीचं खातंच बंद केलं आणि दोघेही रस्त्यावर आले. रस्त्यावर वर-खाली काही नसतं.

तेव्हापासून त्याच्या सहा मुलाखती झाल्या होत्या आणि सहाही वेळा याच शब्दाने त्याला आडवं पाडलं होतं. पहिल्या ठिकाणी एका कोवळ्या पोराने विचारलं, समजा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आत आठ माणसं आहेत, तर काय कराल? वरच्याने विचारलं, कुठल्या बनावटीची लिफ्ट? दरवाजा हाताने ओढायचा की आपोआप सरकणारा? वीज गेलीय की ब्रेक बसलाय? पोरगा म्हणाला, कुठलीही लिफ्ट धरा हो. वरचा म्हणाला, ‘कुठलीही’ अशी लिफ्ट नसते साहेब. झालं, तिथेच पाणी पडलं. दुसऱ्या ठिकाणी म्हणे, समजा तुम्ही मॅनेजर आहात. हा म्हणाला, पण मी नाहीये. चौथ्या ठिकाणी तर त्याने मुलाखत घेणाऱ्यालाच उलट झापलं, की असं समजून चाललात तर माणूस मरेल. खरं होतं ते, पण खऱ्याला तिथे कोण विचारतो?

त्यात त्याचा तरी काय दोष? ज्या उस्तादाने त्याला हे काम शिकवलं, त्याने पहिल्याच दिवशी टेस्टर हातात देऊन सांगितलं होतं, वीज बंद आहे असं समजायचं नाही, बघायचं. दोर घट्ट आहे असं समजायचं नाही, ओढायचा. या धंद्यात समजून चालणाऱ्याचे फोटो भिंतीवर लागतात. तीस वर्षं तो तसाच वागला आणि जिवंत राहिला. आता पोटासाठी म्हणून रोज नवीन काहीतरी समजा म्हणत होते.

सातवी मुलाखत शुक्रवारी होती. एका मोठ्या इस्पितळात, अकरा लिफ्ट, देखभालीच्या सुपरवायझरची जागा. आणि ही मुलाखत त्याच्या एकट्याची नव्हती. त्याची मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात चांगल्या मार्कांनी पास झाली होती. तिसऱ्या वर्षाचं नाव शनिवारी संध्याकाळपर्यंत घातलं नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. आणि तिने परस्पर, कुणाला न विचारता, घर चालवायला कापडाच्या एका दुकानात नोकरी मिळवली होती. सोमवारपासून हजर व्हायचं. पत्र तिने जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, की बाबांना शुक्रवारी जागा मिळाली तर हे फाडून टाकू, नाहीतर नाही. ती रडली असती तर त्याला काही बोलता तरी आलं असतं. ती रडली नाही. उठून तिने भांडी घासली.

तयारीही तिनेच करून घ्यायला घेतली. वरचा तिला मास्तरीणबाई म्हणायला लागला. मास्तरीणबाई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसायची आणि हा समोर स्टुलावर, दप्तर हरवलेल्या पोरासारखा.

“बाबा, त्यांना लिफ्ट उघडून नकोय,” ती समजावून सांगायची. “त्यांना फक्त ऐकायचंय की तुम्ही कसा विचार करता. चार गोष्टी. शांत राहीन. आधी माणसांकडे बघेन. वरिष्ठांना कळवेन. नंतर लेखी नोंद करीन. कुठलाही प्रश्न असू द्या, या चारात बसवायचा.”

त्याने चार बोटांवर चार गोष्टी बसवल्या. बायकोही मधूनमधून पलीकडचा साहेब व्हायची. समजा, ती म्हणाली, घरात गॅस संपलाय आणि दारात पाहुणे उभे आहेत. वरच्याने घसा खाकरला, मी शांत राहीन, आधी पाहुण्यांकडे बघेन, मग वरिष्ठांना कळवेन. बायको म्हणाली, म्हणजे शेवटी माझ्याच गळ्यात. तिघं हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी हसणं झालं आणि हसून झाल्यावर तिघांनाही उगीचच ओशाळल्यासारखं वाटलं.

गुरुवारी मुलीने वहीचं पान उलटलं आणि विचारलं, समजा तुमच्याबरोबर काम करणाऱ्याची एक चूक फक्त तुम्हाला माहीत आहे. ती त्याने लपवलीय. तुम्ही काय कराल?

वरच्याने वहीकडे पाहिलं. मग म्हणाला, असलं कोण विचारतं. ती म्हणाली, सगळीकडे विचारतात, आणि उत्तरही ठरलेलं आहे. आधी त्याच्याशी बोलेन, त्याला स्वतःहून सांगायची संधी देईन, नाहीच सांगितलं तर वरिष्ठांना कळवेन, कारण प्रश्न लोकांच्या जिवाचा आहे. म्हणा. त्याने म्हटलं. पण म्हणताना डाव्या हाताची करंगळी त्याने मुठीत धरली होती. तिचं वरचं पेर नव्हतं.

त्या पेराची गोष्ट घरात कुणाला धड माहीत नव्हती. दरवाजात सापडलं, एवढंच त्याने सांगितलं होतं. खरी गोष्ट अशी, की खालच्याची नजर तीन वर्षांपासून जात चालली होती. डोळ्यांसमोर मधोमध धुरकट, कडेचं तेवढं दिसायचं. हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. कंपनीला कळलं असतं तर खालच्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं, आणि घर म्हणजे भावाचं घर, जिथे जेवायला बसलं की वहिनी ताटाकडे बघायची. म्हणून वरचा आपलं वरचं काम उरकून खाली उतरायचा आणि खड्ड्यातलंही करायचा. खालचा शेजारी बॅटरी धरून उभा राहायचा, विनोद सांगायचा. एकदा दरवाजाच्या पट्टीत वरच्याचा हात होता. हात बाहेर आहे याची खात्री करून खालच्याने ‘हो’ म्हणायचं आणि मग बटण दाबायचं, अशी पद्धत. खालच्याने बघितलं, ‘हो’ म्हणाला आणि दाबलं. त्याने बघितलं होतं यात शंका नव्हती. फक्त त्याला दिसलं नव्हतं.

खालचा त्या दिवशी लहान मुलासारखा रडला होता. वरच्याने त्याला सांगितलं, गप रे, करंगळीने कुणाचं काय अडतं. आणि विषय मिटला.

शुक्रवारी इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावर कार्यालयाबाहेरच्या बाकावर खालचा बसलेला दिसला तेव्हा वरचा जागच्या जागी थबकला. खालच्याने मान वळवली नाही, पण म्हणाला, “ये की. चाल ओळखली मी.”

त्याने मेकॅनिकच्या जागेसाठी अर्ज केला होता. इस्पितळाला एक सुपरवायझर आणि एक मेकॅनिक हवा होता. खालचा खुशीत होता. भावाचा धुतलेला शर्ट घालून आला होता, बटणं एक घर सोडून लागली होती. वरच्याने वाकून ती नीट लावून दिली आणि हळूच विचारलं, डोळ्यांचं काय सांगणार आहेस? खालचा म्हणाला, काय सांगायचंय, अर्जात लिहून टाकलंय नजर उत्तम. तू असशीलच की सुपरवायझर म्हणून. पहिल्यासारखं, तू वर, मी खाली.

तेवढ्यात त्याला आत बोलावलं. तो भिंतीला एक हात लावून गेला.

वरचा बाकावर बसून चार बोटं मोजत राहिला, पण मन जाग्यावर नव्हतं. समोरून लिफ्टचा दरवाजा उघडायचा आणि मिटायचा. दर वेळी एखादं स्ट्रेचर बाहेर यायचं. दरवाजा मिटताना किंचित अडखळतोय, खालचा रूळ साफ करायला हवा, हे त्याच्या आपोआप लक्षात आलं. इथलं काम त्याला येत होतं. डोळे मिटून आलं असतं. फक्त आत जाऊन ते बोलता आलं पाहिजे होतं.

खालच्याला आत बराच वेळ लागला. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे ओले वाटत होते, पण तोंडावर हसू होतं. काही विचारायच्या आत शिपायाने वरच्याचा पुकारा केला. खालच्याने चाचपडत त्याचा दंड धरला आणि म्हणाला, जा, बिनघोर जा, तुझं नाव सांगून आलोय. मी इथेच थांबतो, बरोबरच जाऊ.

आत दोघं होते. भरतीचं काम बघणाऱ्या एक बाई आणि इस्पितळाचा मुख्य इंजिनिअर, चष्मा कपाळावर चढवलेला, हातांवर ग्रीसचे जुने डाग. ते डाग बघून वरच्याला जरा धीर आला. बाईंनी सुरुवात केली. समजा वीज गेली, लिफ्टमध्ये रुग्ण अडकलाय, तुमचा साहेब फोन उचलत नाही. वरच्याने टेबलाखाली पहिलं बोट दाबलं. मी शांत राहीन, तो म्हणाला. आधी आतल्या माणसांशी बोलेन. आणि मग पुढचं कसं कोण जाणे आपसूक आलं. समजा दोन लिफ्ट एकदम बंद पडल्या. समजा एखाद्या डॉक्टरने तुमच्यावर आवाज चढवला. समजा हाताखालचा माणूस कामावर उशिरा येतो. वरचा उत्तरं देत गेला आणि बाई खुणा करत गेल्या. मुलीचा आवाज त्याच्या तोंडून बाहेर पडत होता. जन्मात पहिल्यांदा त्याला समजा म्हणणाऱ्यांबद्दल थोडं प्रेम वाटलं.

मग तो प्रश्न आला, जवळजवळ मुलीच्याच शब्दांत. सहकाऱ्याची चूक, फक्त तुम्हाला माहीत.

आधी मी त्याच्याशी बोलेन, वरचा म्हणाला. त्याला स्वतःहून सांगायची संधी देईन. नाहीच सांगितलं तर वरिष्ठांना कळवेन. प्रश्न लोकांच्या जिवाचा आहे.

बाईंनी इंजिनिअरकडे पाहिलं. मग फाईलमधून एक छापील कागद काढला आणि विचारलं, की घेतलं तर कधीपासून येऊ शकाल. वरच्याला वाटलं आपल्याला ऐकू येण्यात चूक झाली. तो म्हणाला, आत्तापासून. बाई हसल्या, म्हणाल्या सोमवार चालेल. सोमवार! त्याच्या डोळ्यांसमोर दुकानाचं ते पत्र आलं, फाटलेलं, चार तुकडे. मुलगी उद्या सकाळीच जाऊन नाव घालील. तिला आधी सांगायचं की बायकोला, एवढाच आता प्रश्न उरला होता.

“एक शेवटचं,” इंजिनिअर म्हणाला. त्याने चष्मा डोळ्यांवर ओढला. “तुमच्या आधी जे येऊन गेले ते बावीस वर्षं तुमच्याबरोबर होते. इथे ते रात्रपाळीत असतील, तुम्ही दिवसा. या लिफ्टमधून स्ट्रेचर जातात. त्यांच्याबद्दल आम्हाला माहीत असावं असं काही आहे का?”

यात समजा नव्हतं.

वरच्याची बोटं टेबलाखाली हलेनात. तो दिवसा आणि खालचा रात्री, म्हणजे खाली उतरून त्याचं काम उरकणं आता बंद. रात्री कुणीतरी दरवाजात हात घालणार, खालचा बघणार आणि ‘हो’ म्हणणार. किंवा हात नसेल, स्ट्रेचर असेल. हे खरं होतं, अगदी खरं, आणि सांगायलाच हवं होतं. पण बाहेर बाकावर तो बसला होता, याने लावून दिलेल्या बटणांचा शर्ट घालून. आणि बाईंच्या हाताखाली तो छापील कागद होता. खोटं बोलावं तर लोकांचा जीव, खरं बोलावं तर मित्राचा घास, आणि काहीही बोललं तरी मुलगी पणाला. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण त्यात माणूस निदान एकटा पडतो.

“त्याला दिसत नाही,” वरचा म्हणाला.

बोलल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली, आणि पाठोपाठ सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही एकदम.

इंजिनिअरने मान हलवली. त्याला नवल वाटल्याचं काही दिसलं नाही. तो म्हणाला, “तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

तीन वर्षं. एवढं सोपं उत्तर. पण तीन वर्षं म्हटलं की पुढे येणार, मग तेव्हा वरिष्ठांना का नाही कळवलं? दोन मिनिटांपूर्वी तर आम्हाला फाडफाड उत्तर दिलंत. बाई कागद फाईलमध्ये परत घालणार. सहा वेळा त्याने खरं बोलून दरवाजाबाहेरची वाट धरली होती. सातव्यांदा घरी जाऊन मुलीच्या तोंडाकडे बघायची त्याच्यात ताकद नव्हती.

“आजच कळलं,” तो म्हणाला. “मघाशी बाकावर. शर्टाची बटणं चुकली होती, त्यावरून.”

इंजिनिअरने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्या डाव्या हाताकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बाईंकडे वळून मान आडवी हलवली. बाईंनी कागद उचलला, फाईलमध्ये घातला आणि मऊ आवाजात सांगितलं, की आल्याबद्दल आभार, पण ही जागा तुम्हाला देता येणार नाही.

वरच्याने कारण विचारलं नाही. तो उठला, खुर्ची आत सरकवली, दार ओढून घेतलं. त्याला काही उमगतच नव्हतं. मित्राला विकून झालं होतं आणि हातात दमडी पडली नव्हती.

खालचा बाकावरून उठून उभा राहिला. “झालं ना?” त्याने विचारलं. त्याच्या तोंडावर अजून तेच हसू होतं. उत्तराची वाट न बघता तोच बोलत सुटला. म्हणाला, आत त्यांनी मला एक कागद वाचायला दिला रे. अक्षरं काही दिसेनात. दोन मिनिटं नुसता धरून बसलो. मग म्हटलं, पुरे झालं खोटं, किती दिवस? सगळं सांगून टाकलं. डोळ्यांचं, करंगळीचं, सगळं. म्हटलं, मला घेऊ नका, मी कामाचा राहिलो नाही, पण बाहेर बसलाय त्याला सोडू नका. दोन वर्षं माझ्या वाटणीचं काम ह्याने केलं, बोट गेलं तरी तोंडातून शब्द काढला नाही. तो साहेब म्हणाला, बरोबर केलं असं मी म्हणणार नाही, पण असा माणूस मला चालेल, फक्त त्याने मला खरं सांगायला हवं. मी म्हटलं, तो? तो खऱ्यापलीकडे काही बोलतच नाही, त्यापायीच तर सहा नोकऱ्या गेल्या त्याच्या.

वरचा भिंतीला टेकला. समोरची लिफ्ट उघडली, रिकामी होती, मिटली.

“मग विचारलं का तुला माझ्याबद्दल?” खालच्याने विचारलं.

“विचारलं.”

“काय सांगितलंस?”

आता लपवून ठेवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. वरच्याने सांगितलं. तुला दिसत नाही म्हणून सांगितलं, आणि मला आजच कळलं म्हणून सांगितलं.

खालच्याचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्याला ते कळायला थोडा वेळ लागला. मग तो जिन्याकडे चालू लागला, एकटाच, भिंतीवरून हात फिरवत. भिंत संपली तिथे जिना सुरू होत होता आणि कठडा पलीकडच्या बाजूला होता. त्याचा हात हवेत फिरला, कठडा सापडला नाही. पायरीच्या कडेवर तो थांबला.

वरच्याच्या खिशात फोन वाजायला लागला. एवढ्या वेळात मुलाखत आटोपली असणार, हा हिशेब घरी कुणी केला असेल ते त्याला न बघता कळलं. त्याने फोन काढला नाही. तो पुढे जाऊन एक पायरी खाली उतरला आणि उभा राहिला, खांदा खालच्याच्या हाताला लागेल असा.

फोन वाजत राहिला. मग तो हात आला आणि खांद्यावर बसला. नेहमीसारखा नाही, बोटांच्या टोकांनी, जिन्यापुरता.

“पायरी,” वरचा म्हणाला. फोन वाजून थांबला आणि पुन्हा वाजायला लागला.